ते हात माझे आहेत

बेकरीत सोल्वायचा नंबर पुकारला गेला आणि तिला तो ऐकूच आला नाही, कारण नेमकी तेव्हाच ती मोबाइलवर आपल्या पुस्तकाखाली आलेलं नवं मत वाचत होती, आणि त्या मताच्या डोक्यावर पाचांपैकी दोनच तारे होते. मागची बाई म्हणाली, "अगं, तुझा नंबर आलाय," आणि सोल्वाय "हो हो" म्हणत पुढे सरकली, हातातला नंबरचा कागद चुरगाळला, आणि खसखशीचे पाव मागायचे सोडून काउंटरवरच्या पोरीकडे नुसती बघत राहिली. म्हणजे पोरीकडे कसली, पोरीच्या दातांकडे. खालचे पुढचे दोन एकमेकांवर चढलेले, मधे कॉफीचा पिवळा डाग. रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांच्या दातांवरचं कीटण खरवडायचं काम करणाऱ्या बाईला माणसाचं आधी काय दिसणार? आणि त्या मतातलं शेवटचं वाक्य बरोबर हेच होतं: 'लेखिकेला लोकांच्या तोंडात डोकवायची सवय दिसते. मनात डोकवायची नाही.' शनिवारची सकाळ, ऑर्हूसमधली अर्धी गल्ली बेकरीत उभी, ताज्या पावाचा वास, आणि सोल्वायच्या कानशिलातून अशी काही गरम कळ गेली की तिला वाटलं, सगळ्यांनी आत्ता आपापले मोबाइल काढून हेच वाचलंय आणि आता सगळे तोंड मिटून हसतायत. तिनं काहीतरी घेतलं. घरी जाऊन पिशवी उघडली तर आत दालचिनीचे गोड रोल होते, जे तिला अजिबात आवडत नाहीत.

पुस्तकाचं नाव 'दलदलीची लेक'. दोन हजार वर्षांपूर्वीचं जटलंड, म्हणजे ऑर्हूसच्याच भोवतालचा मुलूख, धुरानं भरलेली गवती छपराची घरं, पाऊस थांबत नाही, बार्ली कुजते, आणि मग गाव ठरवतं की एक पोरगी दलदलीला द्यायची. प्रकाशकांनी अतिशय गोड शब्दांत नकार दिले होते. इतक्या गोड की तिला प्रत्येक वेळी वाटायचं आपणच त्यांची माफी मागावी. मग तिनं स्वतःच काढलं. हल्ली ते सोपं झालंय, मजकूर साइटवर चढवायचा, कव्हर लावायचं, आणि कुणी मागितलं की तिकडे एक प्रत छापली जाते आणि त्याच्या दारात जाऊन पडते. आणि पुस्तकाखाली लोकांची मतं. तिथं आधी मोजकीच मतं होती. आत्यानं पाच तारे देऊन लिहिलं होतं, 'अजून वाचायला वेळ झाला नाही, पण कव्हर फार सुंदर.' कुणा एका माणसानं तीन तारे देऊन बार्ली कधी कापतात यावर भलंमोठं व्याख्यान दिलं होतं. आणि एक मत होतं जे सोल्वायला पाठ होतं, दिवस वाईट गेला की बसमध्ये बसून ती ते काढून वाचायची. 'पाचही तारे. मी ढसाढसा रडले. ती शेवटची सकाळ अगदी अश्शीच होती. मला माहीत आहे, कारण ते हात माझे आहेत. लिस्बेट, लेखिकेची आई.'

आणि आता त्याच्या बरोबर खाली हे. कुणी 'मोसकोने' नावाची, म्हणजे दलदलीतली म्हातारी, खरं नाव नाहीच, आणि लिहिते काय तर: 'भाषा चांगली आहे. धूर खरा आहे, ज्यानं तो धूर खाल्लाय त्यालाच तो असा लिहिता येतो. पण शेवटच्या सकाळी आई लेकीचे केस विंचरते तो प्रसंग खोटा आहे. लेकीला सोडायचं ठरवलेली बाई तिच्या केसांना हात लावू शकत नाही. लावला तर जाऊ शकत नाही. तिथं दुसरंच कुणीतरी असणार. शिवाय ह्या पुस्तकात प्रत्येकाचे दात कसे आहेत ते आपल्याला कळतं.' आणि मग ते तोंडात डोकवायचं वाक्य. ह्यावर लोकांनी 'हे मत उपयोगी वाटलं' असं दाबलंही होतं, बऱ्याच जणांनी. आत्याच्या मताला कुणीच दाबलं नव्हतं.

दातांचं सोडा. दातांचं तिनं गिळलं असतं. पण तो प्रसंग! सगळ्या पुस्तकात रचलेला नाही असा तेवढा एकच प्रसंग, बाकी सगळं पुस्तक तिनं त्याच्याभोवती विणलं होतं, थंडीत पायाभोवती गोधडी गुंडाळावी तसं. सोल्वाय लहान असताना ते सगळे दर उन्हाळ्यात एक आठवडा तळ्याकाठी मुद्दाम जुन्यासारखं उभारलेल्या एका गावात राहायला जायचे. बाबांच्या शाळेतले निम्मे मास्तर जायचे तिथं. गेटवर घड्याळं, फोन, चष्मेसुद्धा काढून द्यायचे, खरखरीत लोकरीचे कपडे घालायचे आणि आठवडाभर लोहयुगातलं कुटुंब होऊन राहायचं. दगडी जात्यावर दळायचं, शेळ्या राखायच्या, धुरात खोकायचं, आणि दिवसभर तिकीट काढून आलेले लोक दारातून आत डोकावून विचारायचे, "तुम्ही हे खरंच खाता?" बाबा मान डोलवायचे, आणि रात्री झोपताना हळूच म्हणायचे की उद्या कुणी विचारलं तर आपण त्याला खायलाच बसवू. शेवटच्या वर्षी सोल्वाय नऊ वर्षांची होती. त्या आठवड्यातल्या एका सकाळी आई गेली, म्हणजे घरच सोडून गेली, स्वेंडबोरच्या एरिककडे. पण जाण्याआधी तिनं केस विंचरले. सोल्वाय जात्याशेजारच्या लाकडाच्या ओंडक्यावर बसलेली, पाठीमागे आई, डोळ्यांत धूर, आणि एक हात केसांचं मूळ मुठीत घट्ट धरून ठेवलेला, ओढ बसू नये म्हणून, आणि दुसरा हात टोकांपासून हळूहळू वर येतोय, गुंता सोडवत, घाई नाही, जणू दिवसभर हेच करायचंय. दारात कुणी कॅमेरावाला उभा होता आणि तो म्हणाला, "छान, अशाच थांबा." एवढंच. पण ह्या एवढ्यावर सोल्वाय चोवीस वर्षं जगली होती. आईबाबांचा घटस्फोट सगळ्या जगानं वाखाणला, इतका समजूतदार, नाताळला एरिकसकट सगळे झाडाभोवती हात धरून नाचले, आणि सोल्वाय एका हातानं आईला आणि दुसऱ्या हातानं एरिकला धरून नाचली, एरिकचा हात दमट होता आणि तो गाण्याचे शब्द विसरत होता, आणि तिच्या मनात तेव्हाही एकच होतं, गेली खरी, पण आधी विंचरून गेली. आणि आता कुठली ही नाव लपवणारी बया येऊन म्हणते की प्रसंग खोटा आहे.

दोन दिवस तिनं सूड घेतला. डोक्यातल्या डोक्यात. भांडी घासताना, सायकलवर, लाल सिग्नलला. पुढच्या कादंबरीत त्या बाईला घालायची, दोरी बांधून, हळूहळू, गुडघे, कंबर, छाती. दलदलीत कातडी राहते, नखं राहतात, केस तर लालभडक होऊन हजारो वर्षं राहतात, तर मग हिचं तेवढं तोंड राहू द्यायचं, उघडं, शेवाळानं भरलेलं. सिग्नल हिरवा झाला तरी ती उभीच, मागून घंटी वाजवत कुणी ओरडलं, "झोपलीस का गं?" पण कल्पनेतल्या सुडानं काही होत नाही, भूक लागल्यावर पाककृती वाचल्यासारखं ते. मग सोमवारी जेवणाच्या सुट्टीत, राय धान्याच्या काळ्या पावावर मासा ठेवून तो तसाच टाकून, तिनं त्या मोसकोनेनं आणखी कशाकशावर मत दिलंय ते उघडलं. रसाच्या भांड्याला चार तारे, झाकण गळतं. तीन पायांच्या कुत्र्यासाठी घेतलेल्या पट्ट्याला पाच तारे, 'क्नूड आता पुन्हा समुद्रकिनाऱ्यावर येतो.' आणि त्याखाली दातांचा एक दवाखाना. तीन तारे. 'हात हलका आहे. पण पोरगी दोन्ही हात माझ्या तोंडात घालून स्वतः बोलत राहते, लोहयुगाबद्दल. उत्तर द्यायची सोय नाही.'

मासा पावावरून घसरून टेबलावर पडला. दवाखान्याच्या सायकल स्टँडला तीन पायांचं एकच कुत्रं बांधलं जातं. बोडिल रावन. निवृत्त बाई, सत्तरी उलटलेली, पांढरी वेणी, वरचे दात अजून स्वतःचे, खालच्या डाव्या दाढेमागे हिरडी नाजूक. रिसेप्शनवरच्या मेटेला सोल्वायनं अगदी सहज आवाजात विचारलं, "बोडिल कधी येतेय?" आणि मेटे म्हणाली, "गुरुवारी. का गं, एवढी हसतेयस?"

गुरुवारी बोडिल खुर्चीत आडवी झाली, चष्मा पोटावर ठेवला, तोंड उघडलं. सोल्वायनं दिवा ओढला, दोन्ही हात आत घातले, आणि पहिल्यांदाच एक शब्द बोलली नाही. नुसता कीटण खरवडायच्या आकडीचा आवाज, कीटणाचा कचकच आवाज, आणि पाणी ओढणाऱ्या नळीची घरघर. बोडिलचे डोळे वर आले, विचारल्यासारखे. सोल्वाय त्यांच्याकडे बघेना. काय विलक्षण शांतता होती ती, आणि किती गोड, तिला कळेना की आपण इतकी वर्षं ही शांतता बडबडीत का घालवली. एक अख्खा माणूस, त्याची मतं, त्याचे तारे, सगळं तिच्या दोन बोटांमधे उघडं पडलेलं. ती वरचे दात आटोपून खाली आली, डावीकडे, मागे, जिथं एरवी ती आधी विचारायची, बधिर करू का. विचारलं नाही. आकडी हिरडीच्या आत सरकवली आणि दाबली. नेहमीपेक्षा फार नाही. थोडीशीच. बोडिलचा हात खुर्चीच्या दांड्यावर आवळला, बोटांची पेरं पांढरी झाली. "दुखतंय?" सोल्वायनं विचारलं, अगदी मायेनं, उत्तर येऊच शकत नाही हे पक्कं माहीत असताना. आणि पुन्हा दाबली. बोडिलच्या डोळ्यातून एक थेंब निघाला आणि सुरकुतीतून वाट काढत कानात जाऊन पडला, तो थेंब बघून सोल्वायला इतकं हलकं वाटलं की तिला भीती वाटली, हे आपल्याला आवडतंय.

बोडिल उठून बसली, चूळ भरली, भांड्यात गुलाबी पाणी थुंकली, आणि ते वाहून जाईपर्यंत बघत राहिली.

"आज तू बोलली नाहीस," ती म्हणाली.

"आज नुसती तोंडात डोकवत होते."

बोडिलनं ग्लास खाली ठेवला. "वाचलंस तर."

"नाव लपवून लिहिलंस."

"तुझ्या हातात आकडी असते, सोल्वाय. मी म्हातारी आहे, वेडी नाही." तिनं जिभेनं हिरडी चाचपली. "आणि आज ती लावलीस. फिटलं म्हणू या?"

"फिटलं नाही. दातांबद्दल काय म्हणायचं ते म्हण. पण त्या प्रसंगाला खोटा कशाला म्हणालीस? अख्ख्या पुस्तकात तेवढंच खरं आहे. ते माझ्या बाबतीत घडलंय. तळ्याकाठच्या त्या गावात, मी नऊ वर्षांची होते."

"केस विंचरले ते खरं आहे," बोडिल म्हणाली. "आईनं विंचरले ते खरं नाही."

"तुला काय माहीत?"

"मी विंचरले."

बाहेर क्नूड एकदा भुंकला आणि गप्प झाला. सोल्वायनं हातमोजे काढायला घेतले आणि एक बोट आतच अडकलं, ती ते ओढत राहिली.

"आम्ही शेजारच्या घरात होतो. मी आणि माझा नवरा. आम्हाला मूल नव्हतं म्हणून आम्हाला शेळ्या दिल्या होत्या," बोडिल म्हणाली. "तू मला शेळ्यांवाली म्हणायचीस. डोक्याला फडकं बांधायचे मी, तेव्हा केस काळे होते. सकाळी दूध द्यायला आले तर तू ओंडक्यावर बसलेली, केसांत गवत, आणि सारखी विचारतेयस, फणी कुठंय, फणी कुठंय. आई कुठंय असं एकदाही नाही विचारलंस. तुझे बाबा खाली बसून चुलीतली राख चाळत होते. फणीसाठी. प्रत्येक घराला हाडाची एकच फणी मिळायची ना, परत करावी लागायची. मी तुझ्या बाबांना म्हटलं, अरे पाले, फणी राखेत कशी असेल. तर तो म्हणाला, असायला पाहिजे. त्याला मान वर करायची नव्हती, बाकी काही नाही. मग मी तुझ्या मागे बसले आणि बोटांनी विंचरले. फणी नव्हतीच तिथं. ती तुझ्या आईबरोबर पहाटेच गेली होती."

"मला आई आठवते," सोल्वाय म्हणाली.

"मागून विंचरतात. तोंड कुठं दिसतं?"

"इतकी वर्षं येतेयस. दारावरचं नाव वाचूनच आली असशील. सांगितलं का नाहीस?"

"दर वेळी सांगायलाच येते," बोडिल म्हणाली आणि चष्मा डोळ्यांवर चढवला. "तू मला बोलू कधी दिलंस?"

ती गेल्यावर सोल्वायनं पुढच्या माणसाचे दात साफ केले, त्याच्या पुढच्याचे केले, आणि सगळा वेळ तिच्या डोक्यात एकेक वस्तू उचलून जागच्या जागी ठेवली जात होती, हळू, कुरकुरत, जसं पूर गेल्यावर लोक घर लावतात. कॅमेरावाला. तिकीट काढून आलेल्या लोकांना सूर्य चांगला वर आल्याशिवाय आत सोडत नव्हते. आणि आई तर पहाटे गेली होती, हे आईच सांगायची, प्रत्येक जेवणाला, सगळ्यांना हसवत, की मी ते लोकरीचं पोतं अंगावर घालून अंधुक उजेडात हमरस्त्यापर्यंत चालत गेले आणि दूधवाल्या ट्रकच्या ड्रायव्हरला वाटलं भूत आलं. सोल्वायनं ही गोष्ट शंभरदा ऐकली होती आणि शंभरदा हसली होती. दोन्ही गोष्टी तिच्याजवळ होत्या, पहाटेचं भूत आणि उन्हातला कॅमेरा, शेजारी शेजारी ठेवलेल्या, आणि तिनं कधी एकीवरून दुसरीकडे नजर वळवली नाही. आणि फणी. फणी तर आईच्या खिडकीत होती. तिथं दगड, शिंपले, सीगलचं पीस, आणि त्यांच्यामधे ती पिवळी पडलेली हाडाची फणी, वर्षानुवर्षं. सोल्वाय प्रत्येक वेळी येता-जाता तिला बोट लावायची. देवळात लोक हात लावतात तसं. चोरलेल्या मालाला.

पण बोडिल खोटं बोलत असली तर? म्हातारी माणसं स्वतःला कुठल्याही गोष्टीत घुसवतात. रविवारी ती आईकडे गेली. एरिक केव्हाच गेला होता, दुसऱ्या कुणाकडे, आई आता ऑर्हूसमध्येच राहायची, बंदरापाशी, आणि बर्फाच्या पाण्यात डुंबणाऱ्या बायकांच्या मंडळात होती. नुकतीच डुंबून आलेली, गाल लाल, टॉवेल रेडिएटरवर, टेबलावर बदामाचा केक आणि त्यात खोचलेला कागदी झेंडा, कुणाचाही वाढदिवस नसताना.

"बस बस. ऐक, माझं ठरलंय," आई म्हणाली, "ह्या माझ्या वाढदिवसाला आमच्या सगळ्या डुंबऱ्यांना तुझं पुस्तक देणार. आणि तो सकाळचा प्रसंग मी स्वतः वाचून दाखवणार. बिर्थे तर म्हणते, लिस्बेट, तुझ्यावर पुस्तक लिहिलंय आणि तू अजून आमच्याबरोबर सँडविच खातेस."

"माझ्यावर लिहिलंय ते," सोल्वाय म्हणाली.

"तेच ते. तू, मी."

सोल्वायनं खिडकीतली फणी उचलली. तिचे दोन दात कडेला झिजलेले, तिनं ते आधीही पाहिले होते, अर्थात पाहिले होते, दातच ते. "आई, माझे केस विंचर ना."

आई हसली, पण लगेच उठली, ती अशा गोष्टींना नाही म्हणायची नाही. पाठीमागे उभी राहिली. समुद्रानं गार पडलेली बोटं मानेला लागली. आणि फणी वरून आली. थेट टाळूवर टेकली आणि खाली ओढली, भराभर, मूळ न धरता, गुंत्यापाशी अडली तर आणखी जोरात. सोल्वायच्या डोळ्यांत पाणी आलं ते आधी नुसतं दुखल्यामुळे आलं. चोवीस वर्षांत तिनं हे एकदाही करून बघितलं नव्हतं. तिच्या टाळूला सगळं माहीत होतं, नुसतं विचारायचा अवकाश होता.

"ह्याच फणीनं ना, त्या दिवशी?" तिनं विचारलं.

"ह्याच."

"उजाडलं होतं?"

फणी क्षणभर थांबली. खाली बंदरात एक बोट भोंगा देत होती. सोल्वायला वाटलं, आता. आता ती म्हणेल, नाही गं, मी नव्हते, तूच शाळेत असताना येऊन मला तसं सांगितलंस आणि मला नाही म्हणवेना. एवढं म्हणाली असती तरी सोल्वायनं मान मागे टेकली असती, तिच्या गार पोटावर, आणि सगळं तिथंच संपलं असतं. तिनं वाट बघितली, चांगला बराच वेळ बघितली.

"सूर्य नुकता येत होता," आई म्हणाली आणि फणी पुन्हा चालू झाली. "सोनेरी उजेड सगळा तुझ्या केसांवर. आणि तू म्हणालीस, आई, लवकर ये हं. मला अजून ऐकू येतं ते."

आई लवकर ये. हे तर पुस्तकातही नव्हतं. पुस्तकातल्या पोरीच्या तोंडात सोल्वायनं काहीच घातलं नव्हतं, ती पोरगी गप्प होती, कारण खरी पोरगीही गप्प होती, फणी कुठंय एवढंच विचारत होती, आणि ज्या फणीबद्दल ती विचारत होती ती तेव्हा कुठल्यातरी दुधाच्या ट्रकमध्ये आईच्या मांडीवर होती. हात घेतले होते ते घेतले होते, आता हिनं तोंडही घेतलं. सोल्वायच्या आत काहीतरी अगदी शांत झालं. गुरुवारी खुर्चीपाशी झालं होतं तसं, पण ह्या वेळी तिला भीती वाटली नाही.

"पुस्तकं आत्ताच मागवू नको," ती म्हणाली. "नवी आवृत्ती काढतेय. आठवड्याभरात मागव."

"का, काय चुकलं होतं?"

"छपाईच्या बारीकसारीक चुका."

"मग केक खा तरी."

तिनं खाल्ला. दोन तुकडे.

स्वतः काढलेल्या पुस्तकाचं हे एक बरं असतं. कुणाला विचारायचं नाही, कुणाची सही नाही. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत, दवाखान्याच्या मागच्या खोलीत, वाळत घातलेल्या पांढऱ्या कोटांच्या खाली बसून तिनं ती पानं काढली आणि नवी चढवली. नव्या पानांत पहाट होती. छपराखाली झोपलेली पोरगी, तिच्या उशाशी हाडाची फणी. दोन हात अंधारातून येतात. ते पोरीच्या केसांना लागत नाहीत, अगदी सांभाळून, लागू देत नाहीत. ते पोरीचं डोकं जरासंही न हलवता तिच्या गालाखालून फणी काढून घेतात. आणि जातात. पुढे सकाळ होते, शेजारची शेळ्यांवाली दूध घेऊन येते, बाप राख चाळत असतो, आणि ती बाई पोरीच्या मागे बसते आणि मूळ मुठीत धरून बोटांनी गुंता सोडवते, गाव दोरी घेऊन दारात येईपर्यंत. ह्यातले शब्द शोधायला सोल्वायला काहीच वेळ लागला नाही. शेळ्यांवालीचे दात कसे होते तेही तिनं लिहिलं, ते काही सुटलं नाही. मग साइटनं विचारलं, आवृत्ती बदलायची का, आणि तिनं दाबलं. मजकूर बदलला. खालची मतं जिथं होती तिथंच राहिली, साइट ती बदलत नाही, पुस्तक तेच, मतं तीच. तिनं पान खाली सरकवलं. पाचही तारे. 'ती शेवटची सकाळ अगदी अश्शीच होती. मला माहीत आहे, कारण ते हात माझे आहेत.' तिनं ते एकदा वाचलं, मग नव्या पानांनंतर लगेच पुन्हा वाचलं, अनोळखी माणूस वाचेल तसं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच आपण काहीतरी चांगलं लिहिलंय असं तिला वाटलं. आणि ते वाक्य तिचं नव्हतंच.

काही दिवसांनी बोडिलनं आपल्या मताला एक तारा वाढवला. 'नवी आवृत्ती वाचली. प्रसंग आता खरा आहे. लिहिणारीचा राग मात्र पानातून वर येतो, चुलीवरच्या धुरासारखा, त्यानं डोळे चुरचुरतात. दात अजूनही फार.' सोल्वायनं ते वाचलं आणि तिला बोडिलचा राग आला, पुन्हा, आणि ह्या वेळी तो राग कुठं ठेवावा ते कळेना. त्यानंतरच्या गुरुवारी बोडिल हिरडी दाखवायला आली होती, खिडकीतून सोल्वायनं क्नूडला स्टँडपाशी बांधलेलं बघितलं, ती बाहेर गेली, त्याच्या उरलेल्या तीन पायांपाशी उकिडवी बसली, आणि त्याच्या मानेवरच्या केसांत बोटं घातली. गुंता होता. तिनं मुळाशी धरून हळूहळू सोडवला, टोकांपासून वर. आतून मेटेनं काच वाजवली, फोन, तुझी आई आहे, मोबाइल उचलत नाहीयेस म्हणते.

"अगं, खोकं आलं," आई म्हणाली. पाठीमागे नळ चालू होता, भांडी वाजत होती, आई आनंदात असली की एका वेळी तीन कामं करायची. "सगळ्या प्रती छान कागदात बांधून ठेवल्यात, रिबिनी लावून. माझी प्रतही बांधली, सगळ्यांसमोरच उघडीन, मजा येईल. शनिवारी येतेयस ना? बिर्थे केक आणणारे, आणि जेवण झालं की मी उभी राहून वाचणार. ऐक, एवढंच विचारायला फोन केला. तू चुका काढल्यास म्हणालीस. त्या प्रसंगात काही बदललं नाहीस ना? तो मला अगदी होता तसाच हवाय."

सोल्वायच्या बोटांवर कुत्र्याचे दोनचार केस चिकटले होते, लालसर. तिनं ते कोटाला पुसले.

"हो आई," ती म्हणाली. "आता तो अगदी होता तसाच आहे."